टिक न लावलेला ड्रायव्हर

माझे बाबा फोनवर हॅलो म्हणत नाहीत. "बर्गे!" एवढंच म्हणतात, आणि तेसुद्धा पाय जुळवून. पलीकडे गॅस सिलिंडरवाला असला तर तो बिचारा गडबडून म्हणतो, "जी सर, जय हिंद सर, सिलिंडर नीचे रख दिया है सर." चंदीगडच्या सेक्टर सत्तेचाळीसमध्ये सगळ्यात आधी सिलिंडर आमच्याकडे येतो, तो उगाच नाही.

चंद्रकांत बर्गे, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा. मिसरूड फुटायच्या वयात हवाई दलात भरती झाले, इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून. पायलटसमोर उंची दाखवणाऱ्या, वेग दाखवणाऱ्या ज्या तबकड्या असतात ना, त्या खरं बोलतायत की नाही हे बघणारा माणूस. तांबरम, जोधपूर, जोरहाट असं करत शेवटी चंदीगडला आले आणि ज्युनियर वॉरंट ऑफिसर होऊन इथेच निवृत्त झाले, चाळिशीत. निवृत्त म्हटलं की लोक पांढरे केस शोधायला लागतात. बाबांकडे बघून म्हणतात, "नहीं नहीं, फादर साब को बुलाओ."

निवृत्तीच्या आठवड्यातच कोरेगावहून श्रीरामकाकांचा फोन. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा आवाज काढायचा तर आधी घशात गुळाचा खडा अडकवायचा.

"आरं चंद्या, तिकडं काय ठिवलंय आता? हितं साखर कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची जागा हाय. साहेबांस्नी बोललोय म्या. गुमान ये."

"दादा, मी टेक्निकल माणूस आहे. मी गेटवर उभा राहणार नाही."

"मग काय करनार?"

"वेबसाइट."

मग काका म्हणाले, "यमुनेला दे फोन."

यमुना म्हणजे आई. आईने काकांचं ऐकून घेतलं, बाबांचं ऐकून घेतलं आणि आपलं सांगितलं. "अहो, शिका काय शिकायचं ते. पण मला असं लोंबकळत राहणं नको. भाड्याचं घर, ओजूची बारावी तोंडावर. नोकरी पक्की झाली तर चंदीगड. नाही झाली तर शाळेच्या सुट्टीत ट्रक बोलवायचा आणि कोरेगाव गाठायचं." ओजू म्हणजे मी. बाबा म्हणाले, "ठीक है." आमच्या घरात ठीक है म्हटलं की शिक्का बसला.

मग बाबा सेक्टर चौतीसमध्ये वेब प्रोग्रॅमिंगच्या क्लासला गेले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली, "गुड मॉर्निंग सर!" बाबांनी गुड मॉर्निंग घेतलं, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणारे खरे सर नंतर आले, तेव्हा कुणी उठलंच नाही.

क्लास झाला, आणि मोहालीतल्या एका लहानशा कंपनीने त्यांना घेतलं. सहा महिने चाचणीवर. पसंत पडले तर पक्के. तिथे टीमची प्रमुख हिमानी, वय सव्वीस, बोलणं शताब्दी एक्स्प्रेससारखं. कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायची असा नियम, त्यात तिची पंचाईत: "अंकल जी, सॉरी, सर, सॉरी, चंद्रकांत जी, ये वाली फाइल देख लो ना." बाबांची उलटी पंचाईत. मालक अभिषेक त्यांच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, तरी ते त्याला अभिषेक सरच म्हणणार, आणि तो आला की खुर्ची सरकवून उठणार. अभिषेक हात जोडायचा, "सर, आप बैठे रहो, मुझे टेन्शन होता है."

कंपनीचं मोठं काम म्हणजे पंचकुल्याच्या श्यामसुंदर बन्सल यांची वेबसाइट. इथे सेक्टरासेक्टरात मोठमोठी घरं आहेत आणि त्यात दोनच माणसं राहतात, म्हातारे-म्हातारी. मुलं कॅनडात. बन्सल साहेबांची कल्पना अशी, की मुलाने तिकडून वेबसाइटवर बटण दाबायचं आणि इकडे आईकडे नर्स यावी, व्यायाम करून घेणारा फिजिओ यावा, रक्ताचा नमुना न्यायला माणूस यावा, हॉस्पिटलला न्यायला ड्रायव्हर यावा. शिवाय दोन सेवा घरी न येणाऱ्या. एक, औषधाची आठवण करून देणारा फोन. दुसरी, व्हिडिओवर दिसणारा डॉक्टर.

या सगळ्या सेवा कोडमध्ये एका इंटरफेसखाली बांधलेल्या होत्या. इंटरफेस म्हणजे काय, हे बाबांनी आईला जेवताना समजावलं. मी तिथे नुसती पोळी खात होते, तरी मला पाठ झालं.

"यमुना, समज एअरमन. एअरमन म्हणजे कोण? हजेरीला येणार, सॅल्यूट मारणार, गार्ड ड्युटी करणार. ही कामं प्रत्येक एअरमनला बंधनकारक. कशी करायची ते इथे लिहायचं नाही, फक्त काय करायचं ते. हा झाला करार. त्याला म्हणायचं इंटरफेस."

"बरं."

"आता फिटर. फिटर एअरमन असतोच. म्हणून हजेरी, सॅल्यूट, गार्ड ड्युटी त्याला आपोआप लागू, परत लिहावी लागत नाहीत. वर त्याचं स्वतःचं एक काम, विमान तपासून सही करणं. म्हणजे फिटरच्या कराराने एअरमनच्या कराराचा वारसा घेतला."

"आणि कुक?"

"कुकही एअरमन. त्याचं वरचं काम, स्वयंपाक."

"म्हणजे कुकने विमानावर सही करायची नाही."

"अजिबात नाही!"

"बरं झालं," आई म्हणाली. "जोरहाटच्या तुमच्या त्या कुकला आमटीत मीठ घातलंय की नाही तेसुद्धा खात्रीने सांगता यायचं नाही."

हे एअरमनचं उदाहरण बाबांनी ऑफिसमध्येही सगळ्यांना ऐकवलं होतं. मोहालीतल्या पोरांना आता कुक, फिटर, गार्ड ड्युटी सगळं ठाऊक झालं होतं.

तर बन्सल साहेबांच्या साइटवर मूळ करार होता "सेवा" नावाचा. त्यात तीन कामं: बुकिंग घेणं, बुकिंग रद्द करणं, घरच्यांना कळवणं. सहाच्या सहा सेवांनी त्याखाली सही केलेली. चाचणीचा शेवटचा महिना लागला आणि बन्सल साहेबांनी नवीन मागणी काढली. माणूस दारात पोहोचला की कॅनडातल्या मुलाला हिरवी टिक दिसली पाहिजे. "खास करके ड्रायव्हर की जी. माता जी गेट पे खड़ी रहती हैं धूप में, ड्रायव्हर का अता-पता नहीं होता." हे काम बाबांकडे आलं.

आता हवाई दलात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पोहोचल्याची खबर देणं ही काय वेगळी गोष्ट असते का? तिथे रजेवरून आलास, खबर दे. पोस्टिंगवर गेलास, खबर दे. बाबांनी अजिबात विचार न करता ते चौथं काम सरळ मूळ करारात घातलं. प्रत्येक सेवेने पोहोचल्याची खबर दिलीच पाहिजे, बस.

आणि स्क्रीन लालेलाल. कारण ज्यांनी ज्यांनी त्या कराराखाली आधी सही केली होती, ते सगळे एका क्षणात करार मोडणारे ठरले. बाबा तर खूश! "बघ ओजू, याला म्हणतात शिस्त. एकाचीही सुटका नाही."

नर्स, फिजिओ आणि रक्ताचा नमुना या तिघांच्या खबरीचं काम बाबांनी स्वतः लिहिलं, नीट. उरलेल्या तीन सेवा आदित्यच्या होत्या. आदित्य टीममधला सगळ्यात घाईचा मुलगा. त्याला कामावरून सुटून क्रिकेट खेळायचं असतं. त्याने तिन्ही ठिकाणी एकेक ओळ टाकली, तिचा अर्थ फक्त "हो". पोहोचला का? हो. काही न बघता, काही न विचारता, हो. लाल रंग गेला. कारण लाल रंगाला एवढंच कळतं की काम लिहिलंय की नाही. खरं लिहिलंय की थाप मारलीय, ते त्याला कळत नाही. आदित्यचं काम मंजुरीसाठी बाबांकडे आलं. बाबांनी स्क्रीनवर लाल काही नाही एवढंच पाहिलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

शनिवारी बन्सल साहेबांना साइट दाखवायची होती. त्यानंतरच्या आठवड्यात बाबांच्या नोकरीचा निकाल. काकांनीही कळवलं होतं की कारखान्यातली जागा महिनाअखेरपर्यंतच अडवून धरता येईल.

शुक्रवारी बाबा घरूनच काम करत होते. दुपारी मला म्हणाले, "ओजू, जरा गिऱ्हाईक होऊन साइट चालवून बघ." मला तेवढंच पाहिजे होतं. मी लगेच कॅनडातल्या ब्रॅम्प्टनची मुलगी झाले, नाकातून बोलणारी. "ओ माय गॉड, ममी जी दी अपॉइंटमेंट है, यू नो, पीजीआय हॉस्पिटल जाना है, सो मच ट्रॅफिक, यू नो." आई हसून हसून स्वयंपाकघराच्या दारात टेकली. मी ड्रायव्हर बुक केला.

बटण दाबल्या दाबल्या हिरवी टिक. "आपका ड्रायव्हर पहुँच गया है."

मी बाल्कनीत धावले. खाली कुल्फीची गाडी होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रा.

"बाबा, ड्रायव्हर अदृश्य आहे! की कुत्र्याला पाठवलंय?"

मग मी औषधाची आठवण बुक केली. "आपकी दवाई की याद पहुँच गई है." व्हिडिओवरचा डॉक्टर बुक केला. तोही पोहोचला. "या या डॉक्टर," आई दाराकडे बघून म्हणाली, "चप्पल बाहेर काढा." आम्ही दोघी लोळायच्या बेतात होतो.

बाबा हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आदित्यच्या त्या तीन ओळी उघडल्या आणि वाचल्या. तीन शब्दांचं काम, पण ते बघतच राहिले. त्या ओळींच्या वर नाव होतं आदित्यचं, आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी, सी. बर्गे.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले.

"अहो, पोराने घाई केली."

"पोराने लिहिलं, यमुना. सही मी केली. हँगरमध्ये माझ्या सहीनंतर कुणी परत बघत नाही, डायरेक्ट पायलट चढतो."

त्यांनी हिमानीला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. तिने तिकडे फाइल उघडली आणि तिची शताब्दी सुटली. "ओ हो हो. आदित्य नू ते मैं देख लूँगी. पर अंकल जी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. आपने एअरमन वाले करार में ही लिख दिया कि जहाज़ पे साइन करो. अब कुक बेचारा क्या करेगा? झूठा साइन ही करेगा ना!"

बाबांचंच उदाहरण बाबांनाच. बाबांनी कपाळावरून हात फिरवला, आणि मग ते हसायला लागले, पोटातून.

"राइट," ते म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट राइट. फिटर वाला करार अलग बनाना था."

"हाँ जी! बाप वाला वैसा ही रहने दो, तीन काम. उससे एक बच्चा निकालो. बाप के तीन तो उसको मिल ही जाएँगे, चौथा उसका अपना."

दोघांनी तसंच केलं. मूळ "सेवा" पुन्हा तीन कामांची झाली. तिचा वारसा घेणारा नवा करार झाला, "घरी येणारी सेवा", आणि पोहोचल्याची खबर त्यात गेली. नर्स, फिजिओ, रक्तवाला यांनी नव्या करारावर सही केली. औषधाची आठवण आणि व्हिडिओ डॉक्टर जुन्यावरच राहिले. त्यांनी कुणाच्या दारात यायचंच नव्हतं, तर खोटं बोलण्याचं कारणच संपलं. हिरवी टिक फक्त नव्या करारवाल्यांना.

राहिला ड्रायव्हर. तो तर घरी येणाराच. पण त्याचा फोन कुठे आहे हे ओळखायचं काम झालेलंच नव्हतं. आदित्यला फोनवर घेतलं, तो कुरकुरत म्हणाला, "अंकल, सच्ची बोलूँ? आठ-दस दिन लगेंगे."

"तो ड्रायव्हर अभी पुराने करार पे रहेगा," बाबा म्हणाले. "बुकिंग होगी, टिक नहीं."

इतक्यात अभिषेक कॉलवर आला. अभिषेक नेहमी आधी "गाइज, गाइज" म्हणतो, जणू समोर शंभर माणसं आहेत. "गाइज, गाइज. बन्सल साहब को ड्रायव्हर की टिक ही देखनी है. कल डेमो है यार, डेमो में कौन सा सच्ची का ड्रायव्हर आने वाला है? टिक रहने दो. मंडे को आराम से ठीक कर लेंगे." मग आवाज मऊ करून, "चंद्रकांत जी, आपका रिव्ह्यू भी तो है अगले हफ्ते. सब पॉझिटिव्ह रखते हैं ना."

आई दारातच उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सर, मैंने एक बार बिना देखे साइन कर दिया. अब देख के कैसे करूँ?"

"देख लो आप," अभिषेक म्हणाला. "डेमो आप ही दे रहे हो."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सोमवारी करणारच आहेत ना नीट."

"बन्सल साहेब टिक बघून रविवारीच साइट सुरू करतील. मग कॅनडातली पोरगी टिक बघेल, आई निघाली म्हणेल आणि झोपून जाईल. म्हातारी गेटवर उन्हात. विचार कर."

आई वळून आत निघाली. मला वाटलं आता ट्रकवाल्याचा नंबर शोधते. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचारलं, "उद्या किती वाजता आहे तुमचं? मिक्सरचा आवाज नको. चटणी आधीच वाटून ठेवते."

शनिवारी सकाळी बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसले. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, आणि कॅमेऱ्यात छातीखाली काही दिसत नसताना पायात पॉलिश केलेले बूट. मी कोपऱ्यात, आवाज न करण्याच्या अटीवर.

बन्सल साहेब पडद्यावर आले, आधी नुसतं कपाळ, मग हळूहळू बाकीचे. "हाँ जी, हाँ जी, दिख रहा है. मेरी अपनी शकल भी दिख रही है, इसको हटाओ जी." बाबांनी नर्स दाखवली. हिमानीची मैत्रीण खरोखर नर्स होऊन एका दारात पोहोचली, तेव्हाच टिक आली. "वाह जी वाह." फिजिओ दाखवला. रक्तवाला दाखवला. बन्सल साहेब खुशीत येऊन खुर्चीत झुलायला लागले.

"अब ड्रायव्हर दिखाओ जी."

बाबांनी ड्रायव्हर बुक केला. बुकिंग झालं, घरच्यांना कळवल्याचा संदेश गेला. टिकच्या जागी काही नाही.

"टिक कहाँ है?"

"सर, ड्रायव्हर की टिक अभी नहीं बनी."

"ओ जी, मैंने पहले दिन से ड्रायव्हर-ड्रायव्हर बोला है! बाकी सब तो चटनी है, रोटी तो वही है!"

"यस सर. गलती मेरी है सर. टिक कल दोपहर तक लगी हुई थी. झूठी थी, इसलिए हटा दी."

अभिषेकच्या चौकोनात अभिषेकने डोळे मिटून घेतले.

"झूठी मतलब?"

"मतलब बुकिंग करते ही पहुँच जाता था सर. घर से निकले बिना."

बन्सल साहेबांचं झुलणं थांबलं. मग म्हणाले, "ऐसे तो मेरा बेटा भी पहुँचता है जी. तीन साल से बोल रहा है, पापा, बस टिकट करा ही रहा हूँ."

हिमानीला हसू आवरेना, तिने कॅमेरा बंद केला. पण बन्सल साहेब हसत नव्हते. "देखो जी, मैं सीधा बंदा हूँ. ड्रायव्हर के बिना मैं शुरू नहीं करूँगा. बन जाए तो फोन करना." आणि ते गेले, पुन्हा शेवटी नुसतं कपाळ.

अभिषेकचा चौकोनही बंद झाला. सोमवारी त्याने बाबांना सांगितलं, निकाल आता नाही. ड्रायव्हर झाल्यावर बघू. झाला तर. घरी येऊन बाबांनी हे जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गोड न करता. आईने काकांना फोन करून सांगितलं, "भाऊजी, महिनाअखेरनंतर आणखी थोडे दिवस थांबा म्हणावं." काका म्हणाले, "मी थांबतो गं, कारखाना थांबतो व्हय?"

मग सुरू झाली ड्रायव्हरची मोहीम. आदित्य आणि बाबा एका टेबलाला बसायला लागले. पहिल्या दिवशी आदित्य तोंड पाडून होता. त्याला वाटलं आता वॉरंट साब भरचौकात परेड घेणार. बाबा म्हणाले, "बेटा, तूने लिखा, मैंने पास किया. आधी-आधी. अब दोनों ठीक करेंगे." त्यानंतर त्या मुलाने क्रिकेट दोन आठवडे बंद ठेवलं.

काम लिहून झालं की परीक्षा. बाबा स्वतः ड्रायव्हर झाले. आमची स्कूटर, मागच्या सीटवर आदित्य, खिशात त्याचा फोन, आणि घरी लॅपटॉपसमोर मी. सेक्टर सतरा, टिक बरोबर आली. पंचकुला, बरोबर. मग मुल्लानपूर. तिथे नव्या वसाहतीचे रस्ते नकाशावर अजून आलेलेच नव्हते. बाबा एका घराच्या फाटकासमोर उभे, आणि नकाशाच्या मते ते गव्हाच्या शेतात.

"बर्गे! ओजू, टिक आली?"

"नाही."

मागून आदित्यचा आवाज. "अंकल, आप तो सच में पहुँचे हुए हो. मान लो ना."

"मैं पहुँचा हूँ, टिक को मालूम नहीं ना. एक चक्कर और."

उन्हात त्या माणसाने त्या वसाहतीला एवढे फेरे मारले की तिथला रखवालदार विचारायला लागला, "साहब, प्लॉट देख रहे हो?" शेवटी तोडगा बाबांना त्या फाटकापाशीच सुचला. तिथल्या आजीबाई विचारायला बाहेर आल्या होत्या, तू कोण म्हणून. नकाशाने काय म्हणायचं ते म्हणू दे. ड्रायव्हर दारात आला की म्हाताऱ्यांच्या फोनवर चार आकडे येतात ते त्याने त्यांना विचारायचे आणि आपल्या फोनमध्ये घालायचे. दारातल्या माणसाने बघितल्याशिवाय टिक नाही. आदित्यने ते तिथेच, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवून लिहायला घेतलं. आजीबाईंनी दोघांना ताक दिलं.

ते झालं, आणि मगच ड्रायव्हरने नव्या करारावर सही केली. त्यासाठी कोडमध्ये एकच शब्द बदलावा लागला. जुन्या कराराचं नाव काढून नव्याचं घातलं. जुनी तीन कामं त्याच्याबरोबर आपोआप आली, चौथं आता खरं होतं. मंजुरीचं बटण दाबताना बाबा खुर्चीत सरळ बसले होते.

दुसरा डेमो बन्सल साहेबांनी आपल्याच फाटकात घेतला. खरा ड्रायव्हर, खरी गाडी. साहेब फोन धरून उभे, आणि कॅनडातून त्यांचा मुलगा साइटवर बघत होता. बाबा सांगत होते की गाडी कोपऱ्यावर आली तरी टिक नाही, फाटकासमोर थांबली तरी नाही. आकडे सांगितले, तेव्हा आली. कॅनडातून मुलगा ओरडला, "पापा, आ गया!" बन्सल साहेब म्हणाले, "मैनू दिसदा पया ए, पुत्तर, मेरे सामने खड़ा है." मग त्यांनी फोन अभिषेककडे वळवला. "शुरू करो जी. और वो फौजी को मेरे काम पे ही रखना. जो नहीं हुआ उसको नहीं हुआ बोलता है. ऐसा बंदा मैंने बैंक में चालीस साल में कम ही देखा."

अभिषेकने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "चंद्रकांत जी, पक्का." आणि वर म्हणाला, यापुढे साइटवर जाणारी प्रत्येक गोष्ट बाबांनी वाचल्याशिवाय जायची नाही. हिमानीने समोसे मागवले. आता आदित्य काम झालं की स्वतःच येऊन उभा राहतो, "वॉरंट साब, पहले ये वाला पढ़ लो. लाल-हरा मत देखना, अंदर देखना." हे मी कानाने ऐकलंय, त्या दिवशी बाबांचा डबा द्यायला गेले होते. सगळं ऑफिस बाबांना वॉरंट साब म्हणतं. नावाने हाक मारायचा नियम कधी गेला ते कुणालाच आठवत नाही.

नोकरी पक्की झाली त्या संध्याकाळी आईने काकांना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे आम्हालाही ऐकू जावं म्हणून.

"भाऊजी, ती कारखान्यातली जागा दुसऱ्याला द्या. ह्यांची नोकरी पक्की झाली."

"आसं? ब्येस झालं. पर यमुने, चंद्या करतो तरी काय नक्की? मला गावात इचारत्यात."

"सांगते की. करार लिहितात ते. एक बापाचा करार असतो, त्यातनं पोराचा निघतो. बापाचं सगळं पोराला न मागता मिळतं. पण पोराचं काम बापाच्या माथी मारायचं नाही, मारलं की घरातला प्रत्येक जण खोटं बोलायला लागतो. एवढं सांभाळायचं."

बाबा वर्तमानपत्र खाली करून आईकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनाही एवढं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

काका विचारात पडले. "म्हंजे वकिलासारखं?"

"नाही हो, कॉम्प्युटरवर."

"मग त्या कामाला म्हनायचं काय? लोकांस्नी कायतरी सांगाय पायजे."

आईने क्षणभर विचार केला आणि मान ताठ करून म्हणाली, "इंजिनियर म्हणून सांगा."

"इंजिनियर नाही!" बाबा खुर्चीतून ओरडले. "डेव्हलपर! जे नाही ते सांगू नको त्याला."

"डेव्हलपर," आईने फोनमध्ये सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. "डे-व्ह-ल-प-र. लिहून घ्या भाऊजी. आणि पुढे लिहा, पक्के."